नदी डाव्या हाताला

१६ नोव्हेंबर

आई गेली! सकाळी रिक्षात बसली आणि गेली. नर्मदा परिक्रमेला – पायी. जी बाई कधी जोतिबाला एकटी गेली नाही, ती.

दारात अर्धी गल्ली जमली होती. तानाआत्यानं ओटी भरली आणि पायाही पडली. नणंद भावजयीच्या पाया पडताना मी पहिल्यांदाच बघितली. पप्पा येईल त्याला सांगत होते, आमच्या घराण्यातली पहिली परिक्रमा. जणू तेच चालणार आहेत. भजनी मंडळाच्या यल्लाप्पा काकांनी स्वतः परिक्रमा केलेली आहे. ते आईला नियम सांगत बसले. नदी ओलांडायची नाही. मिळेल ते खायचं. चालताना मैया कायम उजव्या हाताला. ‘डाव्या हाताला आली की परिक्रमा मोडली, वैनी.’ आई मान हलवत होती.

मला पटलं नाही. स्टेशनवर सोडायला कुणी यायचं नाही, असा म्हणे तिचा संकल्प. काकांनीही असा संकल्प ऐकलेला नव्हता! शिवाय लोक चार-पाच महिन्यांत चालून येतात. आईनं जुनी पद्धत धरलीय – चातुर्मासात एका जागी राहायचं, तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस. सोबतीला कोण, तर इचलकरंजीची शेवंताबाई. ही शेवंताबाई आमच्यापैकी कुणीही बघितलेली नाही.

२० नोव्हेंबर

चौकात फ्लेक्स लागला. परिक्रमेस हार्दिक शुभेच्छा. पप्पांचा फोटो आईच्या फोटोपेक्षा मोठा.

२९ नोव्हेंबर

आईचा फोन आला. कुठं आहेस, विचारलं. नर्मदेकाठी. गाव कुठलं? इथं कुठं गावांची नावं लक्षात राहतात, म्हणाली. गल्लीतल्या प्रत्येकाच्या लग्नाची तिथी जिला पाठ आहे, ती आई!

मागे भोंगा वाजला. आमच्या कंपनीत शिफ्ट सुटताना वाजतो तसा. ती म्हणाली, आश्रमातली घंटा. घंटा आणि भोंगा यांतला फरक मला कळतो.

३० नोव्हेंबर

कपाट बघितलं. पाटल्या आहेत. मंगळसूत्रही आहे. पप्पा म्हणतात, वाटेत जंगलात लुटतात, म्हणून ठेवून गेली. असेल. पण कुणी महाराज तिला फसवून नेत असता तर त्यानं आधी हेच आणायला लावलं असतं. म्हणजे महाराज नाही. मग कोण?

दुसरा विचार मनात आला. लिहीत नाही.

७ डिसेंबर

आता स्वयंपाकाला तानाआत्या येते. पप्पांचे तालमीतले मित्र आज जेवायच्या वेळी न सांगता आले. पप्पांनी सवयीनं ‘अगं ए’ अशी हाक मारली. मी आणि आत्या दोघी उठलो.

१४ डिसेंबर

आईनं फोटो पाठवला. पप्पांनी मागून मागून तिचा जीव खाल्ला होता. दुसरा फ्लेक्स करायचाय. तिनं तो माझ्या फोनवर पाठवला – पप्पांना दाखव म्हणून.

पांढरी साडी, हातात काठी, पाठमोरी चालतेय. तोंड जरासं मागे वळलेलं. शेजारी नदी, वर धुकं, पलीकडचा काठ दिसत नाही.

नदी डाव्या हाताला आहे.

नुसती उभी असती तर प्रश्न नव्हता. पण चालतेय. फोटो आरशातल्यासारखा उलटा तर आला नाही? पदर तपासला. डाव्या खांद्यावर. गुजराती पद्धतीनं घेतला तरच तो उजव्या खांद्यावर येतो, आणि आई तसा घेत नाही. म्हणजे फोटो सुलटा आहे. आई उलटी चाललीय.

काठी धरलेली बोटं मोठी करून बघितली. टोकं काळी. वाट लाल मातीची.

पप्पांना सांगितलं, फोटो आला नाही, तिकडं नेट नसेल.

१६ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत संघप्रियाला फोटो दाखवला. ती माझ्याच विभागात आहे, आम्ही दोघी मिळून कास्टिंगचे नग मापात आहेत का ते तपासतो. फक्त बोटं कशानं काळी झाली असतील, एवढंच विचारलं.

तिनं घास तोंडात असतानाच सांगितलं, ‘काजू फोडते ही. टरफलाच्या तेलानं होतं असं, साबणानं जात नाही. माझ्या मावशीचे हात बघ की येऊन.’ मग म्हणाली, ‘आमच्यात परिक्रमा नाही बाई, पण काजू आहे.’

तिचं गाव चंदगडकडे. फोटोतली वाट आणि नदीचं वळण तिकडच्या ताम्रपर्णीच्या काठचं असल्यासारखं वाटतं, म्हणाली. वळणापाशी काजूचा एक कारखाना आहे. फोटोतली बाई कोण, हे मी तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिला कळलं असावं.

२१ डिसेंबर

चंदगडला गेले. एसटीनं. घरी सांगितलं, कंपनीचं काम आहे.

कारखान्याच्या फाटकासमोर उभी राहिले. भोंगा वाजला. तोच! बायका बाहेर आल्या. आई तिघींच्या मधे होती, डोक्याला रुमाल, कशावर तरी मोठ्यानं हसत होती. एवढ्या मोठ्यानं घरी हसलेली मला आठवत नाही. मला बघून हसू थांबलं. मग विचारलं, ‘जेवलीस का?’

तिची खोली कौलारू, एकच. शेवंताबाई खरीच आहे – शेजारच्या खोलीत राहते, इचलकरंजीहून विधवा होऊन इथं आलेली. पुरुषाच्या चपला, शर्ट, काही आहे का, मी बघत होते. आईनं मला बघताना पकडलं.

‘बघ की. खाटंखाली पण बघ.’

मला लाज वाटली. तिनं चहा केला. आधी स्वतःच्या कपात ओतला, मग माझ्या.

पप्पांनी मारलं का कधी, मी विचारलं. ती म्हणाली, ‘मारलं न्हाई. उपाशी ठेवलं न्हाई. विचारलंबी न्हाई कधी काय.’ लग्नाच्या वर्षी तिला अंगणवाडीत नोकरी लागत होती, आपल्या घरातल्या बायका कामाला जात नाहीत म्हणून ती सोडायला लावली, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मी रोज कंपनीच्या बसमध्ये चढायचे, तेव्हा ती दारात उभी राहायची. मला वाटायचं, काळजीनं.

खोटं कशाला बोललीस, विचारलं.

‘घर सोडून चाललेय म्हटलं असतं तर तुझ्या पप्पानं दार लावून घेतलं असतं. परिक्रमेला चाललेय म्हटलं, तर तुझ्या आत्यानं ओटी भरली.’

फोटोतली नदी डाव्या हाताला आहे, हे सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या बाजूनं काढला तर कारखान्याची चिमणी येत होती. चिमणी लपवायच्या नादात नदीचं राहून गेलं.

‘किती दिवस राहणार?’

‘तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस हाईत की.’ पुन्हा हसली. मग विचारलं, ‘सांगणार हायस व्हय घरात?’

मी पिशवी उचलली. शेवटची एसटी चुकली असती.

२७ डिसेंबर

पप्पा आता गाडी काढून नर्मदेवर जायचं म्हणतात! तालमीतले सगळे घेऊन. बायकोचा फोटोसुद्धा येईना म्हणजे काय, असं मित्रांनी डिवचलं. यल्लाप्पा काका उद्या घरी येणार आहेत, कुठं गाठ पडेल हे ठरवायला.

मी पप्पांना म्हणाले, फोटो आलाय. उद्या दाखवते, काका असतानाच.

कंपनीत मी आजवर मापात नसलेला नग पास केलेला नाही.

फोटो उलटा केला. नदी उजव्या हाताला आली. पण पदर उजव्या खांद्यावर गेला. त्याला इलाज नाही.

२८ डिसेंबर

काकांनी फोन हात लांब करून धरला. ‘मैया उजव्या हाताला. चाल बरोबर हाय वैनींची. आता गाठायला जाऊ नका, संकल्प मोडंल.’ पप्पांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, हितं नदीवर आपलं नाव बसंल का?

मग तानाआत्यानं फोन घेतला. बराच वेळ दिला नाही. स्वतःच्या डाव्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

‘गुजरातेत पोचली म्हणायची,’ म्हणाली. ‘तिकडं बायका उजव्या खांद्यावरच पदर घेत्यात.’

फोन माझ्या हातात देताना हळूच विचारलं, ‘जेवतीय न्हवं नीट?’