पट्टा कोण आवळतं?

कोक-बुलाक,
४ फेब्रुवारी १९९७

ती. कुबातदादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

इकडे सासूबाई, जनावरं आणि मी ठीक आहोत. ठीक नाही ती करवत. परवा चक्री करवतीचं दुसरं बेअरिंग जळालं. आमचे अस्कात हयात होते तेव्हा सहा वर्षांत एकही गेलं नाही. ते गेल्यावर वर्षभर मीही तिच्यावर बिनबोभाट काम केलं. मग गेल्या शरदापासून हिला काय झालंय कोण जाणे. मोटार घूं घूं करते आणि तासाभरात हात लाववत नाही इतकी तापते.

तोकोनभाऊजी येऊन बघून गेले. म्हणाले की वहिनी, बाईच्या हाती यंत्र टिकत नाही, तिसरं जळालं की करवत विकून मोकळे होऊ. धाकट्या दिराचं इतकं ऐकून घ्यावं लागतं बघ! मे महिन्यात एका लग्नाच्या बुरणुसी घराचा, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूचा, लाकडी सांगाडा द्यायचा आहे. करवत गेली तर घरच्या कारखान्यातलं माझं कामही गेलं, मग उरली फक्त चूल. पट्टा नक्की किती ताणायचा ते सविस्तर लिही. बेअरिंग बसवाल्याबरोबर पाठव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बुरुल

---

बालिक्ची,
१२ फेब्रुवारी

चि. बुरुल हिस अनेक आशीर्वाद.

बेअरिंग पाठवलं आहे. लहानपणी तू घोडीच्या खोगिराचा तंग असा आवळायचीस की बिचारीला ठसका लागायचा. तेच चाललंय का तिथे?

आता नीट वाच. आधी तार भिंतीतून उपटून ठेव. दोन्ही पुलींवर सुतळी धरून त्या एका रेषेत आहेत का बघ. मग पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाब. खरबूज पिकलंय का बघायला दाबतो ना, तेवढाच जोर. पट्टा करंगळीच्या जाडीइतका खाली गेला पाहिजे. त्याहून जास्त गेला तर सैल आहे, लाकूड लागताच किंचाळेल आणि रबर करपल्याचा वास येईल. अजिबात हलला नाही तर तो पुलींना ओढत राहतो आणि बेअरिंग खातो. तुझं दुखणं हेच दिसतंय. नट आवळलेस की मोटारीच्या पायाशी पेन्सिलीची रेघ मार, म्हणजे मोटार सरकली तर कळेल.

शरदात आलो तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, तेच पुन्हा सांगतो. करवत चालेना तर तिथे तुला काय आहे? हट्ट सोड, बोचकं बांध, मार्चात नौरुझच्या सणाला मी न्यायला येतो. हे सासूबाईंनाही वाचून दाखव. माझ्या पोटात एक, ओठात एक नसतं.

तब्येतीला जप. तुझ्या वहिनीने वाळवलेल्या दह्याचा कुरुत पाठवलाय, एकटीने संपवू नकोस.
तुझा दादा

---

कोक-बुलाक,
२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र नेहमीसारखं चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. सासूबाईंनी माझ्या चहात दूध जरा जास्तच ओतलं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. करंगळी, खरबूज, रेघ. मोटार गार राहिली, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मोटार रेघेपासून गव्हाच्या दाण्याएवढी मागे सरकलेली आणि पट्टा ताठ! मी परत सैल केला. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. खोटं कशाला बोलू, संशय भाऊजींवर होता. पण ते चार दिवस काराकोलला होते, तरी मोटार सरकलीच. शिवाय खोडसाळ माणूस नट सैल करेल, हा आवळतोय. असला कसला चोर रे?

पत्र इथवर लिहून ठेवलं होतं. आता पुढचं लिहिते.

काल तिन्हीसांजेला कारखान्याच्या दारातल्या, सांगाड्यासाठी आणलेल्या विलो झाडाच्या ओल्या काठ्यांच्या भाऱ्याआड बसून राहिले. सासूबाई फेरीला निघाल्या. तुला ठाऊक आहे, चाळीस वर्षं त्या कुरणावर बुरणुसी घरात राहिल्या. रोज अंधार पडायच्या आत घराभोवती फिरून एकेक दोरी ओढून बघायची, ढिली असेल ती आवळायची. आता विटांच्या घरात आवळायला काही नाही, तरी फेरी चुकत नाही. खिडक्यांच्या कड्या झाल्या, गोठ्याची दोरी झाली, आणि शेवटी त्या कारखान्यात शिरल्या. अस्कातांचा पाना घेतला, मोटार मागे रेटली, नट आवळले आणि पट्ट्यावर हात फिरवला, वासराच्या पाठीवर फिरवावा तसा.

मी ओरडलेच. आई, दोन बेअरिंगं तुम्ही जाळलीत म्हणाले. त्या भुश्यातच बसल्या. म्हणाल्या की दोरी ढिली राहिली तर एका वाऱ्यात घर उडतं, हे मला सासूने शिकवलं. तुझा भाऊ शरदात म्हणाला, करवत बंद पडली की नेतो. मग तुला इथे धरून ठेवणारी दोरी हीच ना? म्हणून जेवढा जोर होता तेवढा लावला.

दादा, मला रागावता येईना आणि रडूही आवरेना. माझ्यात कुणाचा एवढा जीव अडकलाय, हे मला माहीतच नव्हतं.

मग त्यांचा अंगठा धरून पट्ट्यावर ठेवला. आधी ऐकेनात, एवढा ढिला पट्टा म्हणजे लाज म्हणाल्या. पण जन्मभर दोऱ्या ओढलेला अंगठा तो, दोनदा दाबूनच त्यांना माप कळलं. माझ्याहून अचूक.

आता तूच सांग, मी येऊ की राहू? रागावू नकोस.
बुरुल

---

कोक-बुलाक,
१० मार्च

चि. कुबात यांस बुरुलच्या सासूचे, उमसुनायचे, अनेक आशीर्वाद.

व्याहीबुवा, पत्रात सुतळी, पेन्सिल, खरबूज सगळं लिहिलंत. पण पट्ट्याला थोडी ढील लागते आणि ती का लागते, हे म्हातारीला शरदातच सांगितलं असतंत तर दोन बेअरिंगं वाचली असती. असो. तिसरं शाबूत आहे. तोकोन रोज येतो, मोटारीवर तळवा ठेवतो आणि मुकाट्याने जातो. विकायचं नाव काढत नाही.

नौरुझला न्यायला येणार होतात, तर या. अस्कात गेल्यापासून दीड वर्ष ती माहेरी आली नाही. तिला वेळ नव्हता असं नाही. दर वेळी मीच काहीतरी निमित्त काढलं. कधी माझे गुडघे, कधी गाय. याची मला लाज वाटते. किती दिवस राहायचं ते तुम्ही ठरवू नका, मीही ठरवत नाही. तिचं ती ठरवेल. सांगाड्याचे वासे चिरून झालेत, मे महिना लांब आहे.

करवतीचा पाना मी तिच्या बोचक्यात घातला आहे. तो इथे राहिला तर संध्याकाळी माझा हात स्वस्थ राहणार नाही.

सुनेला कुरुताची फार आवड आहे, भरपूर खाऊ घाला. म्हाताऱ्या विहिणीचीही आठवण असू द्या.
उमसुनाय