पाहुणा अजून जागा आहे

घर, ता. ३ फेब्रुवारी

चि. बारक्यास, आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अण्णा आहेत तसेच आहेत. डावं अंग लुळं, आणि तोंड मात्र दोघांच्या वाटणीचं चालतं. मी सकाळी नऊला कारखान्यात जाते. पुढच्या सत्राचे गणवेश कापायला घेतलेत, दिवसाला दोनशे बाह्या. साडेपाचला परत. मधल्या वेळात समोरच्या मावशींकडे किल्ली असते आणि अण्णांच्या उशाशी घंटी असते. घंटी ते वाजवत नाहीत, कारण मावशींचे पाय सुजलेले असतात असं त्यांचं म्हणणं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तू गेल्या खेपेला अण्णांच्या खोलीत मांडून दिलेला कॉम्प्युटर बंद होत नाही. गाणी ऐकून झाली की तू शिकवलंस तसं शट डाऊन करते. पडद्यावर 'बंद होत आहे' असं येतं आणि ते चाक फिरत बसतं. अर्ध्या तासाने पडदा काळा होतो, पण आतला पंखा घुमत राहतो आणि पडद्यावरच्या कॅमेऱ्यापाशी हिरवा ठिपका जळत राहतो. अण्णा त्याला पाहुणा म्हणतात. पाहुणा अजून जागा आहे, त्याला विचार जायचं कधी, असं रोज ऐकवतात. दोन दिवस मी त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

फोनच करणार होते. पण आपलं तुला माहीत आहे, तिसऱ्या मिनिटाला मी ओरडते आणि चौथ्याला तू फोन ठेवतोस. आईचा नियमच बरा, भावंडांनी भांडणाचं लिहून कळवावं, पाकीट चिकटवेपर्यंत निम्मा राग उतरतो. म्हणून तेही इथंच लिहिते: त्या संस्थेचा विषय पुन्हा काढू नकोस. अण्णांना मी शब्द दिलाय की या घरातून त्यांना कुठं पाठवणार नाही. कॉम्प्युटरचं काय करायचं तेवढं कळव.

तब्येतीला जप. तुझी माया आहे तशी राहू दे.

आक्का


ता. ९ फेब्रुवारी

ती. आक्कास बारक्याचा सा. नमस्कार.

टॉवेल टाकू नकोस. आत हवा खेळली नाही तर यंत्र तापतं. आधी प्रिंटरची वायर काढून बघ. मग सगळ्या खिडक्या एकेक करून बंद कर आणि नंतरच शट डाऊन कर. तरी नाही झालं तर एकदा 'रीस्टार्ट' करून बघ. प्लग मात्र ओढायचा नाही, आणि बटण दाबून धरायचं नाही, आतलं बिघडतं. कोपऱ्यावरच्या दुकानात तर मुळीच नेऊ नकोस, ती मंडळी एक नीट करतात आणि तीन मोडतात. मी सुट्टीत येईन तेव्हा बघतो. तोवर चालू राहिला तर राहू दे. विजेचा काय तो खर्च मी देईन.

संस्थेचा विषय काढू नकोस म्हणालीस, पण काढतो. तू एकटी किती ओढणार? तिथं चोवीस तास माणूस असतं. अर्ज सोबत पाठवला आहे. रागावलीस तर पाकीट सावकाश चिकटव.

आणि पाण्याचा तांब्या अण्णांच्या उजव्या हाताला ठेवत जा. डावीकडच्या स्टुलावर त्यांना तो घेता येत नाही, नुसते बघत राहतात.

अण्णांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

बारक्या


घर, ता. १५ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझे सगळे उपाय करून झाले. प्रिंटरची वायर काढली, खिडक्या मिटल्या. रीस्टार्ट केलं तर पुन्हा तेच चाक आणि तोच पंखा. एवढी मनधरणी मी तुझ्या मेव्हण्यांची कधी केली नाही, म्हणून तर ते निघून गेले. अण्णा पलंगावरून सूचना देत होते. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, त्यांना यंत्र थांबत नाही हे सहनच होत नाही. ते म्हणाले, यंत्र आपण होऊन हट्ट करत नाही, कुणीतरी कुठंतरी काहीतरी अडकवून ठेवलेलं असतं. मी म्हटलं, तुमच्या धाकट्याने मांडून दिलंय, त्यालाच विचारा. तर म्हणाले, त्याने दिलंय मग बरोबरच असेल, तूच चुकीचं दाबत असशील. आहे की नाही न्याय?

तांब्या उजवीकडे ठेवला. भिंतीला ओल आली म्हणून पलंग फिरवला, तेव्हा स्टूल डावीकडे गेलं आणि माझ्या लक्षातच आलं नाही. तुला मी ते लिहिलं होतं हेही आठवत नाही. डोकं ठिकाणावर नाही हल्ली.

अर्ज ड्रॉवरमध्ये टाकलाय. फाडला नाही एवढंच.

आक्का


घर, ता. २ मार्च

चि. बारक्यास.

अण्णा पडल्याचं तुला फोनवर सांगितलं, पण तेव्हा मला बोलवत नव्हतं. आता सगळं लिहिते.

शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे नऊला गेले. साडेपाचला आले तर अण्णा जमिनीवर, पलंगाच्या पायाशी. घंटी पलंगाखाली लांब घरंगळलेली. कपडे ओले, ओठ कोरडे. मला बघून आधी म्हणाले की मावशींना काही बोलू नकोस. अकराच्या सुमारास पडले म्हणतात, कारण बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. म्हणजे साडेसहा तास. हाका मारल्या, पण मावशींना ऐकू गेल्या नाहीत. मध्ये दोन दारं आणि एक जिना. त्या दिवसभर घरीच होत्या रे. किल्ली त्यांच्या खिळ्याला होती. कुणी एक शब्द सांगितला असता तर पाय सुजलेले असोत नाहीतर काही, त्या आल्या असत्या. आता पदर तोंडाला लावून बसल्यात.

खुब्याचं हाड मोडलंय. इतका वेळ गार फरशीवर पडल्यामुळे छातीत कफ धरलाय. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी सहज म्हटलं असेल, पण मला ते वाक्य जेवताना ऐकू येतं. मी दोनशे बाह्या कापत होते आणि माझा बाप जमिनीवर पाणी मागत होता. शब्द दिला म्हणून मिरवत होते मी.

तुझं खरं होतं. एवढं लिहायला मला चार दिवस लागले.

आक्का


ता. ७ मार्च

ती. आक्कास सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून झोप उडाली. तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुला कुणीही दोष देणार नाही. एकट्या बाईने नोकरी करायची आणि आजारी माणूसही सांभाळायचं, हे कधीतरी होणारच होतं. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. ते डोळ्यांसमोर आलं की मला कसंतरी होतं. एका हाताने सरपटत दारापर्यंत गेले, कडी पोचेना म्हणून पुन्हा पलंगाकडे मागे आले. असं त्यांच्या वाट्याला पुन्हा येऊ नये, एवढ्यासाठी तरी अर्ज भर. हॉस्पिटलमधून थेट तिकडे नेता येईल. मी फोन करून जागा धरून ठेवली आहे.

कॉम्प्युटरची काळजी सोड. आता खोलीत कुणी नाही, तर त्याची वायर काढून टाकलीस तरी चालेल.

माझं ऐक एवढं एकदा. तुझाच,

बारक्या


घर, ता. १४ मार्च

बारक्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज भरला. सही केली, पाकिटात घातला. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

ते दारापर्यंत गेले आणि मागे फिरले, हे मी तुला लिहिलं नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. मी हॉस्पिटलमध्ये जाऊन अण्णांना विचारलं. ते म्हणाले, हो, कडीपर्यंत हात पोचला नाही, मग पांघरुणाकडे परत आलो. कुणाला सांगितलंत का म्हणून विचारलं. नाही म्हणाले. लाज वाटते म्हणाले.

काल कोपऱ्यावरच्या दुकानातली दुरुस्तीवाली घरी बोलावली. तू नको म्हणाला होतास तीच. चांगली मुलगी आहे, चहासुद्धा न घेता तासभर बसली. तिने सांगितलं की कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. आत एक प्रोग्राम घालून ठेवलाय, तो शट डाऊन पुरं होऊच देत नाही, म्हणून चाक फिरत राहतं. पडदा काळा झाला तरी कॅमेरा चालू असतो आणि चित्र दुसरीकडे कुणाला तरी दिसत असतं. ती मलाच विचारत होती की हे तुम्ही बसवून घेतलंत का. मी हो म्हटलं. परक्या पोरीपुढे घराची अब्रू कशाला काढा.

कुणी कधी बघितलं याची त्यात नोंद राहते. सात महिन्यांची आहे. मी फक्त त्या शुक्रवारची बघितली. अकरा वाजून पाच मिनिटं ते अकरा पन्नास. पुन्हा दोन वाजता. पुन्हा चारला.

मावशींचा नंबर तुझ्याकडे आहे. आईच्या वेळेला तूच तो लिहून घेतला होतास.

बाकी काही विचारत नाही. त्या दिवशी तू बघत होतास का, एवढं लिही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.


ता. २१ मार्च

आक्का,

हो. बघत होतो.

बसवला तेव्हा मनात वाईट नव्हतं. आई गेली तेव्हा मी दोन दिवसांनी पोचलो. तसं पुन्हा होऊ नये म्हणून बसवला. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. मग सवयच लागली. तू त्यांना भरवतेस, केस विंचरतेस, एकदा त्यांच्यावर ओरडलीस आणि मग दाराआड जाऊन रडलीस, ते सगळं मी इथं जेवताना बघायचो. घरी असल्यासारखं वाटायचं. बंद झाला की मला चैन पडायचं नाही, म्हणून तो पुरता बंद होणारच नाही असं करून ठेवलं.

शुक्रवारी मी पाहिलं तेव्हा ते पडलेले होते. मी फोन हातात घेतला. मावशींचा नंबर काढला. तेवढ्यात मनात आलं की मला कसं कळलं म्हणून सांगू? सहज विचारपूस करायला फोन केला म्हटलं असतं तरी भागलं असतं, हे आता कळतं. तेव्हा सुचलं नाही. वाटलं, मावशी डोकावतील. दोन वाजता बघितलं, तेव्हा ते दाराकडून परत येत होते. चारला वाटलं, आता तू येशीलच.

आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं होईल. त्या वेळात एकदा असंही वाटून गेलं की आता तरी आक्का संस्थेला हो म्हणेल.

तू देशील ती शिक्षा मला मान्य आहे. मी येऊ का?

बारक्या


घर, ता. २८ मार्च

बारक्या,

अर्ज फाडला. अण्णांना मंगळवारी घरी आणते आहे. डॉक्टर म्हणतात, आता उठणं नाही, आणि दिवसही फार नाहीत. कारखान्यातून कापायचं काम मी घरी मागून घेतलंय. आता मी दिवसभर त्यांच्यापाशीच असेन, आणि त्यांना कुणी बघायचं असेल तर त्याने दारातून यावं.

तू आलास तर तुला हाकलणार नाही. मंगळवारनंतर ये. त्यांच्याजवळ बस, त्यांना पाणी पाज. माझ्याशी बोलायची खटपट करू नकोस. मी शिक्षा वगैरे देत नाही, माझ्यात तेवढा जीव उरला नाही. साडेसहा तासांचा दोष मी महिनाभर एकटीने वाहिला आणि तू मला लिहीत होतास की तुला कुणी दोष देणार नाही.

अण्णांना मी काही सांगितलेलं नाही. काल शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते दम खात खात सांगत होते की माझा धाकटा लांब असतो, म्हणून माझे हे हाल झाले. त्याला नुसतं कळलं असतं, तर तो होता तिथून धावत आला असता.

मी गप्प बसले. तूही बस.

आक्का