शोगेकी, म्हणजे धक्का

पिरनवाडी, बेळगाव
गुरुवार, सकाळ

प्रिय पूर्णिमा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग आईला फोन लावून विचारशील, की आप्पांची तब्येत बरी आहे ना. तब्येत ठणठणीत आहे. दिवाळीत तू फोनवर सांगितलंस, की तिथल्या ताकुयाशी लग्न करायचं ठरवलंय, आणि मी एक अक्षर न बोलता फोन ठेवला. त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून तू आईशी बोलतेस आणि मी अंगणात शेंगा फोडत बसल्याचं सोंग करतो. आई फोन स्पीकरवर ठेवते, हे तुला ठाऊक नसेल. तुझ्या वृद्धाश्रमातल्या त्या चिडक्या आजी आता तुझ्याच हातानं जेवतात, ताकुयाच्या वडिलांचा गुडघा दुखतो, त्याच्या आईला तू केलेलं पिठलं आवडलं, हे सगळं मला माहीत आहे. आठ महिन्यांत पोतंभर शेंगा फोडल्या, त्यातल्या निम्म्या ऐकता ऐकता माझ्याच पोटात गेल्या.

आता खरी बातमी. मी जपानी शिकतो आहे. हसून घे, मी थांबतो.

झालं असं, की फेब्रुवारीत चपला घ्यायला खडेबाजारात गेलो होतो. कापडाच्या दुकानावर माडीला बोर्ड दिसला, जपानी वर्ग. जिना चढलो. शिकवणाऱ्या सौम्याबाई तुझ्याच वयाच्या, हुबळीच्या, चार वर्षं तिकडं राहून आलेल्या. मी विचारलं, एकच वाक्य शिकायचं आहे, किती दिवस लागतील? त्या म्हणाल्या, एक दिवस. मी म्हटलं, आणि समोरचा त्यावर जे बोलेल ते कळायला? त्या म्हणाल्या, मग वर्ष धरा. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस मी पहिल्या बाकावर असतो. बाकी सगळी इंजिनियर आणि नर्सिंगची पोरं, त्यांच्यात मी एकटा रिटायर्ड ड्रायव्हर. बाई मला परशराम-सान म्हणतात. एकतीस वर्षं महामंडळाची गाडी चालवली, पण इतक्या मानानं कुणी हाक मारली नव्हती.

घरी सांगितलं नव्हतं. एक दिवस वही तुझ्या आईच्या हाती लागली. ती म्हणाली, “व्हय वो, ह्या वयात ही कसली रांगोळी काढालाय?” मी खरं सांगितलं. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी होती ती. आता संध्याकाळी तीच माझी परीक्षा घेते. पुस्तक उलटं धरते, पण चूक बरोबर पकडते, कारण मी अडखळलो की तिला माझ्या तोंडावरूनच कळतं.

मागच्या मंगळवारी बाईंनी एक शब्द फळ्यावर लिहिला. शोगेकी. गाडी भिंतीला धडकली की जो दणका बसतो तोही शोगेकी, आणि एखादी बातमी ऐकून माणूस हादरतो तोही शोगेकी. मी म्हटलं, हा तर आपला धक्काच की. मग प्रत्येकानं एकेक वाक्य करायचं होतं. कुणी भूकंप घेतला, कुणी परीक्षेचा निकाल. माझी पाळी आली तशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मुसुमे नो देन्वा नि शोगेकी ओ उकेमाशिता.” मुलीच्या फोननं मला धक्का बसला.

बाईंनी दुसऱ्या, दणक्याच्या अर्थाचंही वाक्य मागितलं. तेही माझ्याजवळ तयार होतं, जपानीत मावलं नाही म्हणून मराठीत सांगितलं. तुझा फोन ठेवला त्या दिवशी मी स्कूटर काढली आणि वळणावर सरळ विजेच्या खांबाला नेऊन घातली. एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा न पाडलेला माणूस मी! गुडघा पंधरा दिवस सुजला होता. शेजारच्या मष्णूअण्णाला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. तो म्हणाला, “परश्या, पोल काय काल उगवला व्हय रं?” वर्ग पोट धरून हसला. मग सौम्याबाईंनी हळूच विचारलं, “तुम्ही मुलीला काय म्हणालात?” पोरी, मला मराठी येतं, कानडी येतं, हिंदी येतं. तिन्हीत उत्तर नव्हतं. खाली बसलो.

चुकलं माझं. पहिले पंधरा दिवस राग होता, खोटं कशाला सांगू? भावकी काय म्हणेल, हेही मनात आलं. पण राग गेला तरी एक गोष्ट राहिली, ती वही सापडेपर्यंत तुझ्या आईलाही बोललो नव्हतो. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. बोलणी झाली, की सुपारी फोडण्याआधी मुलीच्या बापानं उभं राहून मुलाच्या आईबापाला म्हणायचं, आमची लेक तुमच्या पदरात घातली, सांभाळून घ्या. मामानं नाही, काकानं नाही, बापानंच. तुझ्या आत्त्याच्या वेळी आजोबांचा घसा बसला होता. लोक म्हणाले, आम्ही म्हणतो. त्यांनी ऐकलं नाही, खोकत खोकत स्वतःच म्हणाले. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी त्या वाक्याचा सराव करत आलो. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली, की स्टेअरिंगवर हात ठेवून मनात म्हणायचो. त्या दिवशी तू ताकुयाचं नाव घेतलंस आणि वाटलं, आता ते कुणाला म्हणू? कळणार कुणाला? माझ्याच लेकीच्या लग्नात मी मुका पाहुणा होऊन बसणार. म्हणून तोंडातून शब्द फुटला नाही.

हे पत्र त्यासाठीच आहे. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ताकुयाच्या आईवडिलांना तुझ्या फोनसमोर बसव. तिकडची वेळ आईला कळव. तिनं सुपारी आणून ठेवली आहे, मष्णूअण्णा माझा फेटा बांधणार आहे. सौम्याबाई म्हणाल्या, जपानीत पदर नाही, पण मुलीचा बाप तिथंही हेच म्हणतो: मुसुमे ओ योरोशिकु ओनेगाइशिमास. मी उभा राहून म्हणेन. तू मधे पडू नकोस, अर्थ सांगू नकोस, उच्चार सुधारू नकोस. फक्त म्हणताना माझा गळा दाटला, तर तेवढं त्यांना सांग, की आप्पा वाक्य विसरलेले नाहीत, आमच्याकडं ते असंच म्हणतात.

तुझाच,
आप्पा