पाणी पिणारे मेल

१२ जानेवारी, सकाळी १०.४०
या मिनिटाला माझं आयुष्य बदललं. मामाच्या ऑनलाइन सेंटरवर मी बसतो, तिथं मंजुश्री पोस्टर प्रिंट करायला आली. लातूरला कॉलेजात स्पर्धा आहे. विषय: मेल साठवणारे सर्व्हर तापतात, ते गार ठेवायला लागणारं पाणी. म्हणाली, "दयानंदभैया, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, अन् आपण फुकटचे मेल करून राहिलो."
भैया ती चारचौघांसाठी म्हणते.
डोकं सटकलं. नांदेडचं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं ते सरांची कॉलर धरून. आता पाणी नासणाऱ्यांची धरणार.
तिचा मेल आयडी जूनमध्ये अ‍ॅडमिशनच्या फॉर्मसाठी मीच काढून दिला होता. त्यावर आजवर २१४ मेल केले. आजपासून कपात. दिवसाला एकच.

१३ जानेवारी
बालाजीनं मित्रांच्या ग्रुपवर गुलाबाचं 'शुभ सकाळ' टाकलं. चहाच्या गाड्यावर गाठून दोन कानफटात ठेवल्या. म्हणालो, लातूरचं पाणी पितोस का. तो म्हणाला, "मी चहा पिऊन राहिलो की रे."
तिला कळवलं. त्याच्या गालाचा फोटो जोडायचा राहिला, म्हणून दुसरा मेल. उद्यापासून एकच.

१९ जानेवारी
तिचं उत्तर नाही. उत्तर दिलं की पाणी जातं, म्हणून देत नाही. एवढी खोल मुलगी अख्ख्या अहमदपुरात नाही.
खोल आहेस, असा मेल केला.

२५ जानेवारी
बालाजीचा परत गुलाब. त्याचा दात पडला, माझं मनगट सुजलं. दाताचे फोटो तिला. तीन अँगलनं. एकात रक्त नीट आलं नव्हतं, चौथा काढला.

२ फेब्रुवारी
मुळावरच घाव घालायचं ठरवलं. मामाचा राउटर वरवंट्यानं फोडला. बाहेर दाखल्यांसाठी लाइन होती, हे ध्यानात आलं नाही. पहिली चप्पल लाइनीतल्या कस्तुराबाईनं काढली. मग सगळ्यांनी. मामा म्हणत होता, "हळू मारा, माझा भाचा हाय." सगळ्यात जोरात तोच मारत होता. ओठ फाटला. कुणीतरी व्हिडिओ काढला.

३ फेब्रुवारी
व्हिडिओ लोह्यापासून निलंग्यापर्यंत फिरतोय. बालाजीनं खाली 'शुभ सकाळ' लिहून पुढं ढकलला. चळवळ पसरली.
मंजुश्रीलाही पाठवला. नेट स्लो, म्हणून चारदा.

११ फेब्रुवारी
मंजुश्री आली. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला मेलवरचा ओटीपी पाहिजे होता. म्हणाली, "भैया, तो मेल तुम्हीच काढलेला. पासवर्ड तुमच्याकडंच असंल. मी तर कधी उघडलाच न्हाई."
पासवर्ड सेंटरच्या वहीत सापडला. माझ्याच अक्षरात. मीच टाकला. वर ओटीपी. त्याच्याखाली २८६ न वाचलेले. सगळे माझे.
तिनं एक उघडला. बालाजीचा दात. "हे तुम्ही पाठवून राहिलात का?"
मी म्हणालो, सिस्टीमचं असतं.
"मग काढून टाका. केवढं पाणी पिऊन राहिलेत."
सगळे निवडले. डिलीट केले.
"ट्रॅशमधले बी, भैया."
तेही केले. ओटीपी घेऊन ती गेली. चारचौघं नव्हते. आम्ही दोघंच होतो.
मामा आतून म्हणाला, जाताना राउटर बंद कर, नवा हाय. केला. बाहेर आलो. दार लावलं. आपटलं नाही.