कोठ्यात बांधलेली गाडी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

इंजिन आलं एकदाचं. ट्रॉलीत धानाच्या तणसावर निजवून आणलं, बाळंतिणीला आणतात तसं हळूहळू. गोंदियाच्या भंगारवाल्याकडे एक जुनी लहान कार होती, मागून चेपलेली, पण पुढचं सगळं शाबूत. माझ्या नातीनं, टीनानं, तिचं इंजिन, गिअरचा डबा अन् चाकाचे दांडे असं सगळं एकसंध उचलून घेतलं. डिप्लोमा करून घरी आली तेव्हापासून पोरीच्या डोक्यात एकच — रेसची गाडी बांधायची, घरीच, जमेल तेवढ्या भंगारात.

गाडीला जागा कुठं? तर गाईच्या कोठ्यात. गाय ओसरीत बांधली. तिनं सकाळपासून तोंड फिरवून ठेवलं आहे, माझ्याकडे पाहतसुद्धा नाही.

सूनबाई प्रेमिला म्हणते, "लोकायच्या पोरी साडीले फॉल लावतेत, आपली भंगार जोडते."

टीना म्हणते, "आई, फॉल लावलेली साडी शंभरच्या स्पीडनं पळत नाही."

मी हसले तर प्रेमिला माझ्याकडेच पाहायला लागली. मग मी तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते.

टिकाराम मात्र हसला नाही. माझा मुलगा लहानपणापासून असाच, लग्नातही हसला नव्हता. त्याचं रस्त्यावर गेट-ग्रिलचं दुकान आहे, वेल्डिंग त्याच्याकडेच करायचं. त्यानं टीनाशी आज ठराव केला. नागपूरला १८ जानेवारीला एकेक गाडी घड्याळ लावून पळवतात म्हणे. आधी गाडीची तपासणी होते, मग मैदानात सोडतात. त्या दिवशी गाडी मैदानात पळाली तर टीना घरीच राहून हेच काम करणार, वर्षभर कोणी काही बोलायचं नाही. नाही पळाली तर गोंदियाला त्यानं एका शोरूममध्ये काउंटरची नोकरी पाहून ठेवली आहे, एक फेब्रुवारीपासून.

"अन् गाडीच्या सांगाड्याचे पाइप कापून माह्या ट्रॉलीले लावीन," तो म्हणाला.

"मंजूर," टीना म्हणाली. तिनं ग्रीसचा हात पुढं केला. त्यानं हात दिला अन् मग लुंगीला पुसला.

११ नोव्हेंबर

गाय अजून रुसलेलीच. गूळ दिला तर गूळ खाल्ला, मला नाही पाहिलं.

१६ नोव्हेंबर

दुधराम सुतार आला होता गाडी पाहायला. आमच्याकडच्या सगळ्या बैलबंड्या त्याच्याच हातच्या. आता कोणी बंडी करत नाही, म्हणून तो दुसऱ्यांच्या कामात चुका काढत फिरते.

"का व टीना, बैल कुठं जुपला तू?"

"पाठीशी, आजा. मी समोर बसन, इंजिन माह्या पाठीमागं, अन् त्याच्याही मागं मागची चाकं."

"मंग कोण कोणाले हाकते?"

टीना बसली जमिनीवर अन् कोळशानं चित्र काढलं. इंजिन नाकात ठेवलं तर नाक जड होते, अगदी शेपटीला ठेवलं तर वळताना शेपूट फेकते. मधात ठेवलं, चारी चाकांच्या आत, तर गाडी जागच्या जागी गिरकी घेते. भंगारातल्या कारचं जे तोंड होतं तेच उचलून हिनं पाठीला लावलं आहे. त्याच्यात एक गंमत — ती चाकं पुढची होती ना, त्यांना वळायची सवय. मागं बसवली तरी वळायलाच पाहतात. म्हणून त्यांना दोन रॉडनं बांधून टाकलं. जन्माची खोड, रॉडशिवाय कशी जाईल!

दुधराम डोकं खाजवत राहिला. मला मात्र लगेच समजलं. बंडीत धानाचे भारे भरताना वजन आखावर ठेवावं लागते. मागं जास्त झालं की बंडी उलार होते, जू वर उचलते, बैल लटकतात. नवी नवरी होते तेव्हा मीच असे भारे रचले होते अन् आमचे हे बांधावरून ओरडले होते, "बैलायले फाशी देतेस का व?" सगळ्या गड्यांसमोर. मी दोन दिवस बोलले नाही. मग यांनी अर्जुनीहून जिलेबी आणली.

हे सगळं मी टीनाला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, हेच तर मले तीन वर्षं कॉलेजात शिकवलं." जिलेबीचं नाही, वजनाचं.

२ डिसेंबर

धान चुरून, मळून झालं. घरभर भुसा. तरी सांगाड्याचं काम थांबलं नाही. टीना मोजते, खुणा करते, टिकाराम दुकान बंद करून येते अन् वेल्डिंगची कांडी लावते. बोलत नाही. काळी काच डोळ्यावर, ठिणग्या, अन् गप्प.

आज मला काम मिळालं. टीनाला बसायची जागा ठरवायची होती, पण आपण बसलं तर मोजणार कोण? धान मोजायच्या काट्यावर आम्ही दोघी चढलो. दोघींचंही वजन सारखंच, बावन्न किलो! मग मलाच बसवलं. पत्र्याच्या सीटवर गोधडी टाकली, मी बसले ऐटीत.

"आजी, मांडी काऊन घातली? पाय लांब कर."

"बसाची जागा हाय ना?"

"गाडी हाय, जेवणाची पंगत नाही. पाय पुढं, ब्रेकवर."

पाय लांब केले तर अगदी निजल्यासारखं झालं. समोर पाइप, दोन्ही बाजूंना पाइप, डोक्यावर पाइप. टिकारामनं खाली वाकून पाहिलं अन् म्हणाला, "माय, कशी दिसतेस? पोपटावानी." दोन महिन्यांतून त्यानं केलेली ही पहिली गंमत. म्हणून लिहून ठेवली.

१४ डिसेंबर, रविवार

आज चाकं लावली अन् गाडी ओढून खळ्याच्या सिमेंटवर आणली. दुधराम होता, शेजारपाजारच्या बाया होत्या, मी हळदकुंकू घेऊन उभी.

गाडी तीन चाकांवर उभी राहिली. चौथं, पुढचं उजवं, चार बोटं वर.

टीनानं ते दाबलं तर मागचं डावं उचललं. मोडकी खाट डुलते तशी. टीनानं टेप काढला, परत मोजलं, परत मोजलं. सगळं बरोबर. "मी एकेक माप जमिनीपासून घेतलं, आजी, एकेक."

जमिनीपासून! माझ्या हातातलं हळदकुंकू खाली पडलं.

कोठ्याची जमीन मीच तशी करवून घेतली आहे. गव्हाणीकडची अर्धी सपाट, मागची अर्धी एका कोपऱ्यात उतरती, नालीकडे, म्हणजे गाईचं मूत साचत नाही. मिस्त्रीच्या डोक्यावर उभी राहून केली. बारा वर्षं मी रोज ती जमीन धुते, पाणी कुठं जाते ते मला डोळे मिटून ठाऊक. महिनाभर समोर बसून पाहत होते अन् बोलले नाही. कोणी विचारलं नाही. मला काय माहीत, गाईची सोय गाडीला चालत नाही! मागचा एक कोपरा खाली गेला अन् सगळा सांगाडा पिळलेल्या लुगड्यासारखा पिळून जोडला गेला.

सांगितलं मी, सगळ्यांसमोर. दुधराम हसला. टीना नाही हसली.

१५ डिसेंबर

रात्री टीना जेवली नाही. प्रेमिलानं ताट झाकून ठेवलं अन् तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे, बाई. गोंदिया काही दूर नाही. शनिवारी येत जाशील."

मी टीनाजवळ गेले, माझी चूक झाली म्हणाले. ती म्हणाली, "तुझी कायची? मीच पाणसळ लावून पाहायची होती. डिप्लोमावाली मी हाय का तू?" म्हणाली खरी, पण डोळे भरलेले.

सकाळी टिकाराम खळ्यात गेला. गाडीभोवती दोनदा फिरला, एकेका जोडावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता ट्रॉलीचं माप घेते.

तो म्हणाला, "टीना, कुठं कुठं कापाचं, खडूनं खुणा कर."

"बाबा, तुमची तर ट्रॉली होऊन राहिली यात."

"ट्रॉली व्हाची तेव्हा होईल. वाकडं काम माह्या हातचं म्हणून कुठंच उभं राहात नाही. ना कोठ्यात, ना नागपुरात."

टीना खडू शोधायला पळाली. प्रेमिलानं झाकलेलं ताट गरम करायला घेतलं.

२१ डिसेंबर

गावातल्या कैलाशच्या भात गिरणीचं आवार मिळालं, तिथं धान वाळवायचा मोठा ओटा आहे. टीना पाणसळ घेऊन आली, मी तांब्या घेऊन गेले. म्हटलं, आधी माझी परीक्षा. चार ठिकाणी पाणी ओतलं. तीन ठिकाणचं पळालं. चौथ्या जागी टाकलं तिथंच थांबलं, हललं नाही. टीनानं पाणसळ ठेवली, मधला बुडबुडा अगदी मधात.

"पास," ती म्हणाली. मला म्हणाली!

आठ जोड कापले. टिकारामनं एकट्यानं परत जोडले, तीन दिवस. गेटचं एक गिऱ्हाईक तिथं येऊन भांडून गेलं, तरी उठला नाही. आज चारी चाकं टेकली. टिकारामनं एकेका चाकाखाली कागद सरकवून पाहिला. सरकला नाही. मग म्हणाला, "चहा ठेव माय."

४ जानेवारी २०२६

गाडी चालली!!

गिरणीच्या आवारातच. आवाज असा की कैलाशच्या गिरणीतले हमाल बाहेर आले. टीना डोक्यात तो मोठा टोपा घालून, नुसते डोळे दिसतात. सरळ गेली सुसाट. पण वळायच्या जागी टीनानं स्टेअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक सरळच! थेट तणसाच्या ढिगात घुसली. पोरगी तणसातून निघाली तशी मी धावले. काही झालं नव्हतं, कानातसुद्धा तणीस.

दोनदा, तीनदा तसंच. टीना खाली वाकून पुढची चाकं पाहून राहिली, टिकाराम स्टेअरिंगचा दांडा.

मी म्हटलं, "उलार झाली."

दोघंही थांबले.

"पुढं वजनच नाही तिच्या. तोंड हलकं. जू उचललेला बैल वळन कसा?"

टीनानं गाडीचं पुढचं टोक हातानं उचलून पाहिलं. मग मागची बॅटरी काढली अन् पुढं, पायांच्या समोर, बांधली. पाण्याचं रेडिएटरही पुढंच आणायचं ठरलं. बॅटरीवरच फरक पडला. गाडी वळली, अन् वळत वळत ओट्याला तीन चकरा मारल्या. उतरून टीनानं मला मिठी मारली. नव्या लुगड्यावर काळा पंजा उमटला आहे. प्रेमिला म्हणते, सोडा लावला तर निघेल. मी म्हटलं, राहू दे.

१० जानेवारी

आज गाडीचं काही नाही. लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी केली. सगळ्यांनी मागून घेतली.

१७ जानेवारी, शनिवार

उद्या नागपूर. गाडी पिकअपवर चढवून दोरांनी बांधली. रंग नाही दिला, वेळच नव्हता. टीना म्हणते रंगानं वजन वाढते, मला वाटते थाप आहे.

मीही जाणार. प्रेमिला म्हणाली, तिथं बसायला मिळणार नाही. म्हटलं, पाट घेऊन जाते. ही वही अन् पाट, दोन्ही पिशवीत टाकले. तिनं तिळाचे लाडू बांधून दिले, वर डब्यात धपाटे. म्हणाली, "पोरगी जिंकली तर मले पहिला फोन करजा, हरली तर तुमच्या लेकाच्या हातून नका करू. तो नुसता 'हो' म्हणून ठेवून देते."

संध्याकाळी शोरूमवाल्याचा फोन आला. टिकाराम ओसरीत उभा राहून बोलत होता. "हो, एक तारखेले. उद्या रात्री पक्कं सांगतो." टीना इथंच बसली होती, नट आवळत. आवळलेलाच होता. माझ्यावर गेली.

आमच्या इकडच्या प्रतापगडच्या महादेवाला नारळ बोलले, अन् दर्ग्याला चादर. दोघंही एकाच डोंगरावर राहतात, एकाला सांगावं अन् दुसऱ्याला नाही, बरं दिसत नाही.

१८ जानेवारी, नागपूर

मैदानाच्या कडेला पाटावर बसून लिहून राहिले.

तपासणीवाल्यांनी गाडी खालून-वरून पाहिली, जोडांवर हातोडी वाजवली. एकानं विचारलं, वेल्डिंग कोणाचं. टिकाराम म्हणाला, "गेटवाल्याचं." गाडी पास झाली.

टीना झाली नाही. टेबलावरच्या बाईंनी लायसन्स मागितलं, तर हिचं स्कूटीचं. धानाच्या बांध्यांत ट्रॅक्टर हाकते ही नववीपासून, कारचं लायसन्स काढायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. सगळे गाडीतच गुंतलो! बाई म्हणाल्या, नियम आहे, मी काही करू शकत नाही. कारचं लायसन्स असलेलं सोबत कोणी आहे का?

टीनानं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली पाहून राहिली.

ठराव जिंकायला टिकारामला नुसतं गप्प राहायचं होतं. ते तर त्याला जन्मापासून येते. त्यानं पाकीट काढलं अन् लायसन्स टेबलावर ठेवलं.

आता तो आत बसला आहे. जागा बावन्न किलोची, गुडघे स्टेअरिंगला लागतात. टोपा कानावर घट्ट. टीना त्याचे पट्टे आवळते, काहीतरी सांगते, तो मान हलवते. अन् हसून राहिला, टोप्यातूनही दिसते मला.

झेंडा वर गेला. वही ठेवते. पाहू दे.