नववं नाव

अणदूर, ११ एप्रिल १९४५

जानेवारीपासून ह्यांचं पत्र नाही. शेवटच्या पत्रात ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा डोंगराचं नाव लिहिलेलं, ते सरकारनं काळ्या शाईनं खोडलं. खाली एवढंच – 'तोफ सुटी करून खेचरांवर लादतो, वर नेऊन पुन्हा जोडतो. खेचर बसलं की आम्हीच खेचर.' आज पुन्हा आत्याबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हंजे खुशाल हाय माझा ल्योक." सासू माझी! पत्र जुनं आहे हे मी बोलले नाही.

२ जून

पत्र नाही. आत्याबाई हल्ली माझ्याशी भांडत नाहीत. त्याचीच जास्त धास्ती वाटते.

१७ ऑगस्ट

लढाई संपली म्हणे. बाबामियाँ मास्तरांनी शाळेला सुट्टी दिली. पत्र नाहीच.

२४ सप्टेंबर

ह्यांच्या तोफखान्याचा छापील कागद आला! मराठीत. मास्तर उर्दूवाले, त्यांना ओ की ठो कळेना. म्हणाले, "बाई, तुम्ही सोलापूरच्या शाळेत शिकलेल्या. तुम्हीच वाचा."

खंडोबाच्या पायरीवर उभी राहून वाचलं, सगळा गाव समोर. काय ऐट होती माझी! पायदळाला झेंडा असतो, तोफखान्याला नसतो – तोफ हाच त्यांचा झेंडा. साठ वर्षांत एकदाही ती शत्रूच्या हाती लागू दिली नाही. सरहद्द झाली, बसरा झालं, आता ब्रह्मदेश. चिखलात खेचरं बसली तेव्हा तोफेची नळी माणसांनी खांद्यावर घेऊन डोंगर चढवली आणि दुपारच्या आत गोळा टाकला. पुढं लिहिलेलं – ह्या कामगिरीबद्दल पदकं. पदकवाले सगळे सुखरूप. खाली नऊ नावं.

आठ वाचली. नववं दिसलं आणि कागदाची घडी घातली. नवऱ्याचं नाव चारचौघांत घेऊ कशी? हसू आवरेना मला. वाटलं, बायकोनं गाळलेलं नाव कुणाचं ते काय सांगायला पाहिजे? माणसं खाली बघत पांगली. आत्याबाई उठून चालत्या झाल्या. मी म्हटलं, गूळ आणायला गेल्या.

घरी आले तर चूल विझवून भिंतीकडं तोंड करून बसलेल्या.

"समद्यांची नावं झाली. माझा न्हाय त्यात."

"आत्याबाई, मी आठच वाचली. कागदावर नऊ आहेत."

ताडकन उठल्या. मनगटाला असा हिसका दिला की बांगडी वाढली. "मग घ्यायचं की नाव, भवाने! जीव घेतीस का माझा? चल, गावाम्होरं घे."

तशीच ओढत पायरीवर नेलं. गाव पुन्हा गोळा. घेतलं. नाईक धुळाप्पा. मागून ऐकू येईना म्हणाले, पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा कुणी सांगितलंही नव्हतं, तरी घेतलं! मास्तरांनी साखर वाटली. भंडारा उधळला, माझं लुगडं पिवळंधमक. आत्याबाई रडत होत्या आणि रडता रडता मलाच शिव्या देत होत्या. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खरं सांगते.

२५ सप्टेंबर

सकाळपासून चार वेळा – "घे गं पुन्यांदा." घेतलं. लाज कुठं गेली कोण जाणे.

१८ नोव्हेंबर

पत्र! दोनच ओळी. 'मंगळवारच्या मोटारीनं येतो. बाकी घरी.' आत्याबाई म्हणतात, तू नावानंच हाक मार, कसा दचकतो बघू. सकाळपासून दोघी हसतोय.

२० नोव्हेंबर, मंगळवार

मोटारीवरून ट्रंक उतरवून घेत होते, पाठमोरे. मी हाक मारली – धुळाप्पा! पुन्हा मारली, जोरात. सगळा गाव वळून बघायला लागला. हे वळले नाहीत.

तोफेनं दोन्ही कान नेलेत.