पहिला पेला

१४ मार्च

प्रिय ताई,

रक्ताची नसले तरी तुझ्या धाकटीचा सलाम. अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, एवढंच मागणं.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे, पण ठीक काही नाही. तुम्ही इथून गेल्यापासून तुमच्या शिलाईच्या दुकानात मोबाइलवाला बसतो. आपल्या दोघांच्याही देवाच्या झऱ्याला पालिकेचं कुलूप आहे. आमचे चर्चवाले येतात, तुमचे दर्ग्यावाले येतात, कुलपाला हात लावून परत जातात आणि मनातल्या मनात एकमेकांना बोल लावतात. मुजावरचाचा म्हणतात, "माझ्या हयातीत काही उघडत नाही, पोरी."

काल भावजी भेटले. तू घरात दूध येऊ देत नाहीस म्हणाले. तुझ्या थोरलीला बाळ झालं, त्यालाही मांडीवर घेतलं नाहीस. तुझी छोटी तुझ्या हातच्या दुधाने गेली, हेच धरून बसलीयस. ऐकलं आणि आज लिहायला बसले.

ताई, दूध चांगलं होतं.

छोटी शेवटची झऱ्यावर आली त्याच्या आदल्या दिवशी पाण्याच्या तपासणीचा कागद आला होता. झऱ्याचं पाणी पिऊ नये, असं त्यात स्पष्ट होतं. त्या आठवड्यात झरा उघडून पाणी वाटायची पाळी आमच्या घराची, दाराची किल्ली माझ्याकडे. कागद मी पेल्यांच्या फळीखाली सारला. दार बंद ठेवलं असतं तर तुमचे लोक म्हणाले असते, यांच्याच पाळीला बरं बंद झालं. मागे एवढ्याशावरून डोकी फुटली होती, तुला आठवत असेल. शिवाय देवाचं पाणी, त्याने काय होतंय, असंही मनाला समजावलं.

सकाळी छोटी आली. आमच्या पाळीत पहिला पेला तुमच्या घराला द्यायचा आणि तुमच्या पाळीत आमच्या, ही पिढ्यांची रीत. नाही म्हणायला जीभ रेटेना. प्यायल्यावर पेला उलटा करून दाखवत ती म्हणाली, "संपलं बघ मावशी! अजून दे ना."

मी दिलं.

तू म्हणशील, वेडी होती, श्रद्धेने दिलं. तसं म्हणू नकोस. त्याच सकाळी माझ्या बाळ्यासाठी मी घरी पाणी उकळून ठेवलं होतं.

कागद सोबत पाठवतेय. तो पोलिसांना दाखवायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव. मी इथेच आहे, कुठे जात नाही. पण आज थोरलीच्या बाळाला मांडीवर घे. तुझ्या हातून काही झालेलं नाही.

जिने पेला भरला ती,
धाकटी